गुडघ्याचा दोष दायित्व कालावधी

आईच्या उजव्या गुडघ्यातून आवाज येतो, हे घरात सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. तेव्हा मी गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. माझी बायको शिल्पा म्हणते, तुम्हाला नुसतं बसणंच जमत नाही, गप्प बसणं तर फार पुढची गोष्ट. यात तथ्य किती यावर मी आत्ता बोलत नाही, कारण विषय गुडघ्याचा आहे.

आषाढातली संध्याकाळ होती. जळगावच्या आमच्या कॉलनीत जेवणाआधी एक फेरी मारायची, हा माझा आणि आईचा नेम. ती गावाहून आली की मी तिचा हात धरतो आणि आम्ही कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरापर्यंत जाऊन येतो. त्या दिवशी मंदिराची पायरी चढताना आवाज आला. टक. पेनाचं टोपण लावल्यासारखा, बारीक पण स्वच्छ.

मी थांबलो. आईही थांबली.

"काय व्हयनं रे नवल?"

"तुला ऐकू आलं?"

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि आम्ही उतरलो. टक.

दोन वर्षांपूर्वी आईचा हा गुडघा बदलला. डॉक्टर प्रशील सपकाळे यांनी तेव्हा कागदावर चित्र काढून मला समजावलं होतं. मांडीच्या हाडाला खालून धातूची टोपी, नडगीच्या हाडाला वरून धातूची बैठक, मध्ये प्लास्टिकची चकती. आणि धातू हाडाला कशाने धरून ठेवायचा? सिमेंटने. बाकीचं मी विसरलो असतो, पण सिमेंट हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. बांधकाम खात्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक म्हणून माझी हयात गेली आहे. सिमेंटला मी स्वतः हात लावलेला नाही, पण त्याच्या फायली इतक्या हाताळल्या आहेत की शिंक आली तरी करडी येईल असं वाटतं.

आमच्याकडे प्रत्येक कामाला दोष दायित्व कालावधी असतो. म्हणजे काम पुरं झाल्यावर अमुक वर्षांत काही निखळलं, भेगाळलं, खचलं, तर ठेकेदाराने येऊन ते मुकाट्याने नीट करून द्यायचं. ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरांना हा कालावधी विचारला होता. ते हसले आणि म्हणाले, "बहुतेकांचे गुडघे पंधरा-वीस वर्षं छान चालतात, काहींचे त्याहून जास्त." बहुतेकांचे! आमच्या कचेरीत असा शब्द टिपणीत लिहिला तर साहेब फाईल तोंडावर फेकतील. तेव्हापासून मनात एक खडा होताच, आणि तो आता टक असा वाजला होता.

एरवी मी इतका घायकुतीला आलो नसतो. पण श्रावण तोंडावर आला होता, आणि श्रावणात कानबाई.

आमचं गाव फागणे, धुळ्याच्या अलीकडे. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंदकीतल्या सगळ्यांची मिळून आमच्या घरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोरलं, चौरंग, रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी चौरंगासकट देवी डोक्यावर घेऊन बाया वाजतगाजत नदीवर जातात. आमच्या घरातून ती पहिली उचलण्याचा मान आईचा. लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या श्रावणात आजीने तो तिला दिला आणि गुडघे जाईपर्यंत तिने त्याला कुणाला हात लावू दिला नाही. मग दुखणं, ऑपरेशन, विश्रांती यांत काही वर्षं चौरंग सुंदरबाईंच्या डोक्यावर गेला. सुंदरबाई म्हणजे माझी काकू. आई त्या काळात ओट्यावर खुर्चीत बसून मिरवणूक जाताना बघायची आणि त्यानंतर दिवसभर कुणाशी बोलायची नाही. यंदा मात्र तिने फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं, "औंदा कानबाई मी उचलसू."

आणि आता हा टक.

माझी चूक एवढीच झाली की मी ही गोष्ट आधारभाऊंना सांगितली. आधारभाऊ आमच्या शेजारी राहतात. निम्मी कॉलनी त्यांनीच बांधली आहे आणि उरलेली निम्मी ज्यांनी बांधली त्यांना ते रोज शिव्या देतात. ते फाटकावर रेलून उभे होते.

"सिमेंट कोणतं वापरलं?" त्यांनी विचारलं.

"ते हाडांचं वेगळं असतं."

"सिमेंट ते सिमेंट, नवलभाऊ. पाणी मारलं होतं का?"

"कशावर?"

"गुडघ्यावर! काम झाल्यावर पाणी मारावं लागतं ना. स्लॅब टाकला की आम्ही गोणपाटं ओली करून टाकतो, आळी करून पाणी साठवतो. पाणी कमी पडलं की सिमेंट कच्चं राहतं आणि मग हळूहळू धरसोड करतं. तुम्ही बांधकाम खात्यात आणि तुम्हाला हे सांगावं लागतं?"

हे मला लागलं. कारण मला आठवलं, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं की जखमेला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आणि मी तो लागू दिला नव्हता! आईला आंघोळ घालताना शिल्पाने पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली तर मी वर दुसरी बांधायचो. म्हणजे भर जळगावच्या उन्हाळ्यात, पंखासुद्धा गरम वारा टाकतो अशा दिवसांत, मी आईचं सिमेंट कोरडं ठाक ठेवलं होतं.

आधारभाऊ तपासणीलाच घरात आले. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि म्हणाले, "अक्का, जरा पाय सरळ करा." फरशी बसवली की कारागीर नाण्याने ठोकून बघतात, खाली माल नीट भरला असेल तर भरीव आवाज येतो, पोकळ राहिलं असेल तर बद्द. आधारभाऊंनी आईच्या गुडघ्याच्या वाटीवर हलकेच नाणं वाजवलं आणि कान लावला. आईने त्यांच्या हातावर लसणाची पाटी आपटली.

"हाऊ काय फरशी शे का?"

"बद्द वाजतंय," आधारभाऊ दाराशी जाऊन मला हळूच म्हणाले. "मी तुम्हाला घाबरवत नाही. पण बद्द वाजतंय."

समोरच्या शेवंताबाईंना हे कसं कळलं ते मला माहीत नाही. शिल्पा भाजीवाल्याकडे गेली होती एवढंच मला माहीत आहे. शेवंताबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघे बदललेल्या. ज्यांचा एकच बदलला आहे त्यांच्याकडे त्या जरा वरून बघतात. "माझे बिनसिमेंटचे आहेत," त्या सोफ्यावर बसत म्हणाल्या. "हाडच धातूत वाढतं. सिमेंटची कटकटच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?" मग त्यांनी आईला स्वयंपाकघर ते हॉल चालायला लावलं. आई चालली. आवाज आला नाही. पुन्हा चालली. नाही आला. मी म्हणालो, घरातली फरशी गुळगुळीत आहे, बाहेर येतो. शेवंताबाईंनी माझ्याकडे, वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघतात तसं बघितलं.

मी मात्र कामाला लागलो. उशिरा का होईना, पाणी मारायचं ठरवलं. आता कातडी भरून आली होती, त्यामुळे भीती नव्हती. ओला टॉवेल आईच्या गुडघ्यावर टाकायचा, वाळला की पुन्हा भिजवायचा. आईने विचारलं तर सांगितलं, थंड वाटतं म्हणून. "वाटस खरं," ती म्हणाली आणि टीव्ही बघत बसली. तासाभरात पलंगाच्या खाली पाण्याचं तळं झालं आणि पुढचा टॉवेल आणताना मी त्यात घसरलो. उजवा पाय मुडपून असा बसलो की शिल्पा पोळी टाकून धावत आली. लागलं का, म्हणाली. मी म्हणालो, छे. घरातल्या कर्त्या माणसाने ओल्या टॉवेलावरून पडण्यात काही प्रतिष्ठा नाही, आणि शिल्पाला हसण्याची सवय आहे. मी भिंत धरून उठलो आणि लंगडत न लंगडत ऑफिसला गेलो.

त्याच दिवशी ऑफिसातून मी आणखी एक गोष्ट केली. सुंदरबाई काकूंना फोन लावला आणि सांगितलं की यंदा आईला जमणार नाही, गुडघा सैल झाल्यासारखा वाटतो, कानबाई तुम्हीच उचला.

"बरं व्हयनं सांगं ते," काकू म्हणाल्या. "तू काय बी काळजी करू नको भाऊ. मी शे ना." त्यांच्या आवाजात इतकी काळजी होती की दुसऱ्या दिवशी त्यांनी धुळ्याला जाऊन नवीन लुगडं घेतलं. हे घरी नानांकडून कळलं. नाना म्हणजे माझे वडील, ते गावीच असतात, म्हैस सोडून कुठे जात नाहीत. त्यांनी फोन आईला लावला होता, मला नाही, हीच अडचण झाली.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर आई पलंगावर पाय खाली सोडून बसली होती आणि टीव्ही बंद होता.

"नवल, हाऊ गुडघा मना शे का तुना?"

"आई, तसं नाही..."

"तुले कोन सांगं सुंदरबाईले फोन करा म्हनून?"

मी समजावायला लागलो. आवाज, सिमेंट, सैल होणं, चौरंगाचं वजन, नदीचा उतार. मी म्हणालो, "एकदा निखळला तर पुन्हा उघडून बसवावा लागेल. तुझं वय काय? मला ते पुन्हा बघवणार नाही." हे मी खरं बोललो. ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं आणि दार लागलं, तेव्हा मी त्या बाहेरच्या बाकावर बसूच शकलो नव्हतो. दवाखान्याच्या जिन्यावर वरखाली करत राहिलो, वॉचमनने दोनदा हटकलं.

आईने टीव्हीचा रिमोट हातात घेतला. मग म्हणाली, "डाक्टर नही म्हनना ते मी नही उचलाव. पन डाक्टरले सांगू दे. तू सांगू नको." आणि तिने टीव्ही लावला.

म्हणजे आता डॉक्टर. पण डॉक्टर सपकाळे मधल्या काळात जळगाव सोडून धुळ्याला गेले होते. फोन केला तर त्यांच्या मदतनीस मुलीने नवीन फोटो इथेच काढू म्हणून सांगितलं, आणि वर म्हणाली, "ऑपरेशननंतरचा जुना फोटो आणा हं. सैल झालंय का हे एका फोटोवरून कळत नाही. दोन शेजारी ठेवून फरक बघावा लागतो."

हे मला पटलं. आमच्याकडेही पूर्वीचं मोजमाप असल्याशिवाय खचलं म्हणता येत नाही. मी अर्धी रजा टाकून जुन्या दवाखान्यात गेलो. तिथल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, रेकॉर्डसाठी अर्ज द्या. दिला. पेशंटची सही लागेल. मी घरी जाऊन सही आणली. पेशंट स्वतः हवा. मी म्हणालो, पेशंटला चालवायचं नाही म्हणूनच तर फोटो हवा आहे! त्या म्हणाल्या, मग चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, तेच दाखवायला फोटो हवा. आमचं हे बराच वेळ चाललं. मागच्या रांगेतले लोक माझ्या बाजूने होते, मग हळूहळू बाईंच्या बाजूने झाले. मला वाईट याचं वाटलं की मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला इतकी वर्षं बसलो आहे, आणि बाहेरून काय बोलायचं असतं ते मला काहीच आठवेना. शेवटी एक शिपाई आतून येऊन म्हणाला, "फिल्म तर पेशंटकडेच देतो आम्ही. घरी बघा ना."

घरी! ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रिक्षा करून आलो आणि कपाट उपसलं. रेशनकार्ड, माळ्याच्या किल्ल्या, बंद पडलेली घड्याळं, सगळं निघालं. एक्स-रेचं पाकीट निघालं ते रिकामं. शिल्पा दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव होता.

"तो काळा कागद का?" ती म्हणाली.

"एक्स-रे, शिल्पा. तो एक्स-रे आहे."

"मला वाटलं आता बरं झालंय, कशाला लागतो."

ती देवघराकडे गेली आणि रांगोळीचा डबा घेऊन आली. आमच्याकडे जुन्या एक्स-रेचे रांगोळीचे साचे करतात. कडक असतो, पाण्याने खराब होत नाही, कात्रीने झकास कापतो. शिल्पाने यंदाच्या कानबाईसाठी पावलांचा साचा केला होता. दोन सुबक पावलं, पाचही बोटं वेगळी, टाच गोल. ती कापली होती आईच्या गुडघ्यातून. एक पाऊल मांडीच्या हाडावर, एक नडगीवर.

मी साचा खिडकीत धरला. पावलांतून समोरच्या शेवंताबाई दिसल्या, कपडे वाळत घालत होत्या. मी त्या वेळी जे बोललो ते शिल्पाने अजून विसरलेलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. आई मात्र साचा हातात घेऊन कौतुकाने बघत म्हणाली, "मना गुडघामाईन कानबाई चालनी व माय." आणि त्या दोघी हसायला लागल्या. मी हसलो नाही, कुणीतरी गंभीर राहायला हवं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही धुळ्याच्या बसला बसलो. सोबत पिशवीत डबा, पाणी, साचा. एसटीच्या पायऱ्या उंच असतात. मी आईला पुढे घालून मागून आधार देत चढवलं. टक. कंडक्टरनेही वळून बघितलं, म्हणजे भास नव्हता. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी जागेवर चुळबुळत होतो. आई खिडकीला डोकं लावून झोपली होती. मध्येच फागण्याचा फाटा आला. आपलं गाव आलं हे तिला झोपेतही कळतं. तिने डोळे उघडले, फाट्याकडे बघितलं आणि विचारलं, "डाक्टर काय सांगी रे?" आवाज अगदी लहान होता. तेव्हा मला कळलं की तीही घाबरलेली आहे. मी म्हणालो, "बघू." दुसरं काही सुचलं नाही. उद्या रविवारी कानबाई बसायची होती.

डॉक्टर सपकाळे मूळचे मुक्ताईनगरचे, बोलायला मोकळे. त्यांनी आधी नवीन फोटो काढवला, आईला उभं करून, समोरून आणि बाजूने. मग जुना मागितला. मी पिशवीतून साचा काढला आणि मान खाली घालून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो दिव्याच्या पाटीवर लावला. पाटी पेटली आणि दोन पांढरीशुभ्र पावलं आईच्या गुडघ्यावरून चालत वर निघाली.

"हे काय आहे?"

"कानबाईनी पावलं शेतस डाक्टर," आई म्हणाली.

डॉक्टर काही क्षण बघत राहिले. मला वाटलं, आता हाकलतात. पण ते अगदी जवळ गेले, चष्मा वर केला आणि बोटाने दाखवत म्हणाले, "गंमत बघा. मला बघायचं असतं ते इथे, धातूच्या बैठकीखाली, जिथे सिमेंट हाडाला धरतं. सैल व्हायला लागलं की इथे काळी फट दिसते आणि ती रुंदावत जाते. ही बोटं बरोब्बर त्या रेषेच्या खाली थांबली आहेत. जागा शाबूत आहे."

"कानबाईले समजस, कोठे पाय ठेवाना ते," आई म्हणाली.

मग त्यांनी दोन्ही फोटो शेजारी धरून बराच वेळ बघितले. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. शेवटी ते म्हणाले, "जसं बसवलं तसंच आहे. एक केसभरही हललेलं नाही."

"पण आवाज?" मी म्हणालो. "डॉक्टर, आवाज येतो. बसच्या कंडक्टरनेही ऐकलाय."

"धातू-प्लास्टिकचा थोडा येऊ शकतो, त्याने काही होत नाही. आजी, चालून दाखवा."

आई दारापर्यंत गेली आणि आली. काही नाही. एवढी रजा, एवढा प्रवास, आणि ऐन वेळी गुडघा साक्ष फिरवतो! मी उठलो. "ती एकटी चालली की येत नाही. मी धरलं की येतो. आई, चल." मी तिचा हात धरला आणि आम्ही निघालो. टक. "बघा!" मी ओरडलो. वळलो. टक. "बघा, बघा!"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. आईच्या पायाकडे नव्हते.

"आजी, तुम्ही बसा," ते म्हणाले. "नवलराव, आता तुम्ही एकटे चाला."

मी चाललो. त्या लहानशा खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर कुणीतरी खोकत होतं, आणि त्या सगळ्यात स्वच्छ, पेनाच्या टोपणासारखा: टक.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल मी थोडक्यात सांगतो. मला पलंगावर झोपवण्यात आलं. पँट वर करण्यात आली. माझा गुडघा डॉक्टरांनी हातात घेऊन वाकवला आणि तो सुपारीच्या अडकित्त्यासारखा वाजला. विचारणा झाली की अलीकडे कुठे पडलात का. मी नाही म्हणालो. आई म्हणाली, "पडना. टावेलवर." ती टीव्ही बघत नव्हती तर. डॉक्टर म्हणाले, झीज सुरू झाली आहे, घाबरण्यासारखं नाही, वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, आणि शांत बसत जा. शेवटचं त्यांनी का सांगितलं हे मला कळलं नाही.

आईने मात्र विषय सोडला नव्हता. तिने पदर सावरला आणि सरळ विचारलं, "डाक्टर, मी कानबाई डोकावर लिसू का?"

"चौरंग फार जड नाही ना? मग घ्या. चालायलाच तर हा गुडघा बसवलाय. फक्त फुगडी नको, उड्या नको, जमिनीवर उकिडवं बसू नका."

"आन हाऊ कितला वरीस टिकी?"

मीही पुढे वाकलो. माझाही तोच प्रश्न होता. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, बहुतेकांचे पंधरा-वीस वर्षं, पुढेही. लेखी कुणी देत नाही.

आई हसली. "वीस वरीस! तवलोंग मी टिकसू का? हाऊ गुडघा राही आन मी जासू. मंग याले जपी जपी कोनले देवानं शे?"

डॉक्टरही हसले. मला हसू आलं नाही. मी इतके दिवस गुडघ्याची हमी मागत फिरत होतो, आणि मला हवी होती ती आईची. ती कुणाच्या खात्यात मिळत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी खिडक्या बदलून विचारत होतो. मी डोळे पुसले. आईने बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "याना गुडघा दुखस." मी तसंच असू दिलं.

दवाखान्याच्या पायरीवरच तिने मला फोन काढायला लावला. सुंदरबाई काकूंना सांगताना माझी जीभ चाचरली. "मंग मना लुगडानं काय?" काकू म्हणाल्या. आईने फोन माझ्या हातातून घेतला. "नेस ना व सुंदर. नदीजोगे चौरंग मी तुना डोकावर दिसू. आर्धी वाट तुनी." आणि मग त्या दोघी लुगड्याच्या काठाबद्दल इतका वेळ बोलल्या की आमची बस चुकली.

रविवारी शिल्पा फागण्याला आली आणि तिने उंबऱ्यापासून चौरंगापर्यंत पावलं काढली. त्याच साच्याने. डॉक्टरांनी तो परत दिला होता, पण बजावलं होतं की रांगोळी झाली की पाकिटात ठेवा, पुढच्या वेळीही लागेल.

सोमवारी सकाळी अंगणात सगळी भाऊबंदकी जमली होती. माझ्या गुडघ्याची बातमी माझ्या आधी पोचली होती. जो येईल तो मला विचारत होता, आवाज काढून दाखव. नाना म्हशीला चारा टाकता टाकता म्हणाले, "टक टक मना बी वाजस. मी कोनले सांगं का?" आधारभाऊ खास जळगावहून आले होते. त्यांनी माझ्याशी बोलताना हात खिशात घातला, तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो.

मी तरी प्लास्टिकची खुर्ची बरोबर घेतली होती. आई वाटेत थकली तर तिला बसता यावं म्हणून. डॉक्टर काही म्हणोत, माणसाने तयारी ठेवावी. बायांनी चौरंग उचलला, आईने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि देवी घेतली. क्षणभर तिने डोळे मिटले. मग उघडले, आणि निघाली. एक हात चौरंगाला, एक मोकळा, पाय ठामपणे पडत होते. पुढे वाजंत्री, मागे गाणी, आणि सगळ्यात मागे मी, खुर्ची डोक्यावर उलटी धरून. दर घरापुढे मिरवणूक थांबायची. दर वेळी मी खुर्ची घेऊन घाईने पुढे पोचायचो आणि तोवर ती निघालेली असायची.

नदीच्या उताराशी तिने चौरंग सुंदरबाईंच्या डोक्यावर दिला. नवीन लुगडं झळाळत होतं. आई पदराने तोंड पुसत मागे वळली आणि तिला मी दिसलो. मी एका पायावर उभा होतो, हातात खुर्ची, दुसरा पाय टेकवत नव्हतो. ती माझ्याकडे चालत आली. काही आवाज नाही. तिने खुर्ची माझ्या हातातून घेतली, वाळूत नीट दाबून बसवली, हलत नाही ना ते हाताने हलवून बघितलं.

"बठ," ती म्हणाली. "तुनं सिमेंट आजून कच्चं शे."

मी बसलो. ती नदीकडे गेली, ओंजळीत पाणी घेऊन आली आणि सगळ्या भाऊबंदकीसमोर माझ्या गुडघ्यावर मारलं.